वही आणि फळा

आमच्या कचेरीत एक लांबट, लाल कापडी पाठीची वही असते. वाण्याच्या दुकानात उधारीसाठी ठेवतात तसली. दर गुढीपाडव्याला नवी येते आणि जुनी कपाटात जाते. गेली सोळा वर्षे आमचा दिवाळी अंक या वहीवर निघत आला, असे म्हटले तर वाचकांस ते खरे वाटणार नाही. अंक लेखकांच्या लेखणीवर निघतो, जाहिरातदारांच्या पैशावर निघतो, फार तर संपादकाच्या चातुर्यावर निघतो, अशी समजूत सर्वत्र आहे. आणि यांतली तिसरी समजूत पसरविण्यात आम्हीही थोडाफार हातभार लावलेला आहे. परंतु खरी गोष्ट अशी की, कोणता लेख मागितला, कोणता आला, कोणता जुळणीस गेला आणि कोणता वाटेत कोठे अडकला, हे त्या वहीलाच ठाऊक असे; आणि वहीच्या मनातले आमच्या व्यवस्थापकांना ठाऊक असे. त्यांस आम्ही सारे अण्णा म्हणतो.

अण्णांची वही शब्दांनी कमी आणि खुणांनी अधिक भरलेली. लेखाच्या नावापुढे एक बिंदू असला म्हणजे लेख मागितला. अर्धे वर्तुळ म्हणजे लेख हाती आला. पुरे वर्तुळ म्हणजे जुळणीस गेला. वर्तुळात फुली म्हणजे पहिले प्रूफ पाहून झाले. आणि दोन आडव्या रेघा म्हणजे लेख फर्म्यात जाऊन बसला, आता त्याची काळजी नको. हे आज आम्ही असे घडाघडा सांगतो, पण सप्टेंबर २०२४ पर्यंत यांतले एक अक्षरही आम्हांस कळत नव्हते, आणि कळून घेण्याची गरजही भासली नव्हती. विहीर आटत नाही तोवर ती किती खोल आहे हे कोण पाहतो!

त्या वर्षी ऐन गणपतीत अण्णा कचेरीतच छातीला हात लावून खाली बसले. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि सहा आठवडे त्यांच्यापुढे कचेरीचे नावही काढायचे नाही अशी डॉक्टरांची आणि त्याहून कडक अशी वहिनींची ताकीद झाली. अण्णा बरे होणार याचा आनंद आम्हां सर्वांना होताच. पण दुसऱ्या दिवशी ती वही उघडून बसलो तेव्हा मोडी वाचणारा कोणी जाणकार आणावा की काय, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आमचे तरुण उपसंपादक हुशार. त्यांनी मागील दोन वर्षांच्या वह्या काढून, छापलेल्या अंकांशी ताडून, वर सांगितलेल्या खुणांचा अर्थ लावला. एक खूण मात्र काही केल्या उलगडेना. एक लहानसा त्रिकोण. कोठे एकटा, कोठे दोन, कोठे एकापुढे एक तीन-तीन. मानधन द्यावयाचे राहिले असेल, असे एकाने सुचविले. लेखक शीघ्रकोपी असल्याची ती सूचना असावी, असे दुसऱ्याचे मत पडले. आणि ज्या नावांपुढे त्रिकोण होते त्यांतली काही पाहता हे मत अगदीच टाकाऊ वाटले नाही.

व्हावयाचे ते झाले. एक कथा दोनदा जुळली. कोल्हापूरकडील एका वृद्ध लेखकांनी आमच्यासाठी लेख लिहून, मागणीची वाट पाहत दोन महिने जवळ ठेवला होता, तो मागावयाचाच राहून गेला. अंक बाजारात गेला तो भाऊबीज उलटल्यावर दोन दिवसांनी. दिवाळी अंक हा मोठा विचित्र माल आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी त्याची जागा ठरून गेली आहे, पण ती जागा चार-पाच दिवसांचीच. फराळाचे डबे रिकामे झाल्यावर आलेला अंक विक्रेता उघडूनही पाहत नाही. आमचे गठ्ठे जसे गेले तसे परत आले, आणि त्यांतल्या एकावर आमचा चहाचा पेला अद्याप ठेवला जातो.

तेव्हा ठरले की, एका माणसाच्या डोक्यात अंक ठेवणे पुरे झाले; आता कामाची नोंद सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घ्यावे.

लग्नाचे स्थळ पाहताना आधी घराण्याची चौकशी करावी, या जुन्या वळणाने आम्ही या सॉफ्टवेअरांचे घराणे पाहू लागलो. आणि ते आमच्या अपेक्षेहून जुने निघाले. कोणते काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपेल हे आडव्या पट्ट्यांनी दाखविणारा तक्ता हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. तो १९१०च्या दशकातला. पण कारोल अदामिएत्स्की नावाच्या पोलिश अभियंत्याने १८९६ सालीच तसला तक्ता काढला होता. त्याने आपले लिखाण मुख्यतः पोलिश आणि रशियन भाषांत केल्यामुळे कीर्ती गँटच्या पदरी पडली. आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांनी या गोष्टीवर एक सुस्कारा टाकून पुढे जावे. १९५८ साली अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी अशाच आखणीची एक अधिक गुंतागुंतीची रीत बसविली. इकडे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी, पुढच्या माणसाने मागितल्यावाचून मागच्याने माल करू नये, यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत पाडली. तिला कानबान म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ पाटी. ही मोटारीच्या कारखान्यातली पाटी पुढे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी उचलली. जिरा हे सॉफ्टवेअर २००२ सालचे, बेसकँप २००४चे, आणि रकान्यांच्या फळ्यावर कार्डे सरकविण्याची सोपी रीत घरोघर नेणारे ट्रेलो २०११चे.

हे वाचून होईपर्यंत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ही सर्व साधने मोटारी, क्षेपणास्त्रे किंवा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांसाठी जन्मली. सात माणसांनी मिळून अडीचशे पानांचा अंक काढावा, हा हेतू कोणाच्याच मनात नव्हता. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधील आपल्या अनुभवावर १९७५ साली जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात माणसे वाढली की त्यांच्यातील जोड्या किती वेगाने वाढतात याचा हिशेब आहे. चार माणसांत सहा जोड्या होतात, सातांत एकवीस, आणि पन्नासांत बाराशे पंचवीस. बाराशे पंचवीस जोड्यांत कोण कोणाशी काय बोलला हे यंत्राने सांगितले पाहिजे, हे उघडच आहे. एकवीस जोड्यांचे तसे नाही. त्यांतल्या बहुतेक दुपारी चहाला एकत्र असतात.

तरीही निवड करावयाची होतीच. उपसंपादकांनी निरनिराळ्या सॉफ्टवेअरांचे गुणधर्म मांडणारी चाळीस ओळींची एक यादी आणली. ती पाहून आमची छाती दडपली, आणि आम्ही ती बाजूस ठेवून तीन सॉफ्टवेअरे एकेक आठवडा प्रत्यक्ष वापरून पाहण्याचे ठरविले. पहिले फार विद्वान होते. एक कविता नोंदवावयाची तर त्याने चौदा रकाने पुढे केले. त्यांत कवितेचे प्राधान्य, कवितेला लागणारे अंदाजी तास आणि कविता कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे, हेही प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कवीला विचारले असते तर त्याने दिलेही असते. आम्हांस ते देता आले नाही.

दुसरे पट्ट्यांच्या तक्त्याचे. ते आम्ही ठेवले नाही, परंतु त्या आठवड्याने आम्हांस जे शिकविले ते सोळा वर्षांत कोणी शिकविले नव्हते. कोणते काम कोणत्या कामावर अडून आहे, हे बाण काढून दाखवा, असे ते म्हणे. आम्ही काढू लागलो. अंकाची पाने सोळा-सोळांच्या फर्म्यांत छापली जातात. जाहिराती किती येणार हे ठरल्यावाचून एकूण पाने ठरत नाहीत. पाने ठरल्यावाचून मजकूर किती मावेल हे ठरत नाही. आणि पाने व कागद ठरल्यावाचून अंकाचा कणा किती रुंद होईल हे कळत नाही, म्हणून चित्रकारास मुखपृष्ठाचे शेवटचे माप देता येत नाही. सारे बाण उलटे जाऊन एका जागी मिळाले, आणि ती जागा लेखांची नव्हती, जाहिरातींची होती. आमचे जाहिरातींचे गृहस्थ त्या दिवशी जरा ताठ मानेने घरी गेले.

त्याच सॉफ्टवेअरात दर वर्षी येणारे काम एकदाच नोंदवून ठेवण्याची सोय होती. उपसंपादकांनी उत्साहाने लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर असे नोंदवून टाकले. आता लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला, आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दर वर्षी अकरा दिवस अलीकडे. मग २०२६च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आला की उडी मारून ८ नोव्हेंबरवर. यंत्राला पंचांग ठाऊक नव्हते, आणि त्याच्या भरवशावर राहतो तर २०२५चा अंकही लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर निघता. दुसरी गंमत शोधाची. ‘फर्मा’ हा शब्द शोधावयास सांगितला तर ज्या कार्डावर ‘फर्म्याचे’ असे लिहिलेले होते ते सापडत नसे. मराठी नाम विभक्तीपूर्वी रूप पालटते, ही दादोबा पांडुरंगांच्या काळापासून शाळेत शिकविलेली गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

तिसरे ते कार्डांच्या फळ्याचे, आणि निवड त्याचीच झाली. कारणे अगदी घरगुती होती. ते फोनवर चाले. जुळणी करणारी मुलगी लोकलमध्ये उभ्या उभ्या कार्ड सरकवू शके. साऱ्या नोंदी बाहेर काढून आपल्यापाशी ठेवता येत. आणि या गोष्टीवर आम्ही हटून बसलो होतो, कारण वुंडरलिस्ट नावाची कामांची यादी ठेवणारी एक लोकप्रिय सोय मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेऊन २०२० साली बंद केली, हे आमच्या वाचनात आले होते. वही वाळवीने खाल्ली तर निदान वाळवी दिसते. दराचाही प्रश्न होता. ही सॉफ्टवेअरे बहुधा माणशी दरमहा, आणि तीही डॉलरांत, पैसे मागतात. फुकट देणारेही फुकटाला मर्यादा घालतात. ट्रेलोने २०२४ साली बिनपैशाच्या खात्यांना दहा माणसांची मर्यादा घातली. आम्ही सात, पण दिवाळीच्या तोंडावर दोन-तीन विद्यार्थी मदतीला येतात. तेव्हा बोटे मोडून हिशेब करूनच पुढे गेलो.

फळा आम्ही स्वतः आखला. मागितले, आले, जुळणी, प्रूफ, फर्मा, असे पाच रकाने. अण्णांच्याच खुणा, फक्त शब्दांत. प्रत्येक कार्डावर ज्याचे काम त्याचे नाव आणि मुदतीची तारीख. मुदत उलटली की तारीख तांबडी होते. कचेरीच्या भिंतीवर मोठा पडदा लावून आम्ही फळा त्यावर ठेवला, आणि सोमवारी सकाळी त्यापुढे उभे राहून अंक पुढे सरकताना पाहण्याचा आनंद घेऊ लागलो.

आमचे मुद्रितशोधन करणाऱ्या ताई वयाने आमच्याहून मोठ्या. त्या प्रत्येक प्रूफ दोनदा वाचतात. एकदा अक्षरांसाठी, एकदा अर्थासाठी. २०२५च्या श्रावणात सोमवारचा फळा पाहिला की ‘प्रूफ’च्या रकान्यात तांबड्या तारखा दिसत, आणि त्या सर्वांवर ताईंचे नाव असे. एका सोमवारी त्या अकरा होत्या. कोणी काही बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती. पडदा पाच फूट रुंद होता. ताईंनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि पिशवी उचलून त्या आपल्या मेजाकडे गेल्या. पुढच्या आठवड्यापासून प्रुफे वेळेवर येऊ लागली. भाद्रपदात तर मुदतीच्या एक दिवस आधी. फळ्याचा गुण आला, असे आम्ही चारचौघांत म्हटल्याचेही स्मरते.

अंक वसुबारसेच्या आधी बाजारात गेला. त्या वर्षीच्या अंकात एका बाईंनी आपल्या आईवर लेख लिहिला होता. लेख साधा, पण मनापासून लिहिलेला. अंक हाती पडल्याच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त लेखाचे शेवटचे वाक्य वाचून दाखविले, आणि आपण काय लिहिले होते तेही सांगितले. त्यांनी लिहिले होते, आईने हे घर सोसले. आम्ही छापले होते, आईने हे घर सोडले.

‘सोसले’ आणि ‘सोडले’ दोन्ही शब्द शुद्ध. अक्षरांसाठी वाचणाऱ्याचा डोळा तेथे अडत नाही. अर्थासाठी वाचणाऱ्याचाच अडतो. त्या बाईंच्या घरी तो अंक भावंडांनी, मावशांनी वाचला असेल. आम्ही क्षमा मागितली, पुढील अंकात शुद्धिपत्र देण्याचे कबूल केले. त्या म्हणाल्या, “द्या. पण ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंना विचारले. विचारण्यात थोडी धार होती, हे येथे लपवीत नाही. ताईंनी पिशवीतून एक लहान डायरी काढून आमच्यापुढे ठेवली. “दुसरं वाचन मी श्रावणातच सोडलं,” त्या म्हणाल्या. “वेळच नव्हता. माझ्या नावापुढे तांबडं लागत होतं. तुम्हीच पाहा, प्रुफं माझ्याकडे कधी आली ते.”

डायरीत प्रत्येक लेखापुढे तो त्यांच्या हाती पडल्याची तारीख होती. आईवरच्या लेखाची मुदत आठ तारखेची, आणि तो त्यांच्या हाती आला सात तारखेच्या संध्याकाळी. जुळणी तर अठ्ठावीसलाच संपली होती; मुलीने कार्ड त्याच दिवशी ‘प्रूफ’च्या रकान्यात सरकविले होते. फळ्यावर प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याच्या हालचालीची तारीखवार नोंद राहते. ती आम्ही उपसंपादकांकडून काढवून घेतली, आणि डायरीशेजारी ठेवून एकेक लेख ताडू लागलो. मधले नऊ दिवस लेख कोठे होता? तो आमच्या मेजावर होता. जुळून आलेला प्रत्येक लेख प्रुफाला जाण्यापूर्वी एकदा आमच्या नजरेखालून जावा, अशी आमचीच जुनी शिस्त. आम्ही तो उद्या पाहू म्हणून ठेवीत असू. पाच रकाने आखताना या मुक्कामासाठी रकाना ठेवण्याचे आम्हांस सुचले नव्हते. मेजावर नऊ दिवस पडलेल्या लेखाचे कार्ड फळ्यावर ताईंच्या नावाने तांबडे होत होते.

फळा आखणारा कोण होता, हे वाचकांस पुन्हा सांगावयास नको.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही ‘जुळणी’ आणि ‘प्रूफ’ यांच्यामध्ये एक नवा रकाना घातला: संपादकाच्या मेजावर. ताईंना विचारून प्रुफाची मुदत तारखेने न देता, हाती पडल्यापासून सात दिवस अशी केली. मग जुन्या नोंदींवरून गेल्या अंकाची कार्डे त्या रकान्यात मांडून पाहिली. बासष्टांपैकी एकेचाळीस कार्डे तेथे आठवड्याहून अधिक बसली होती. पडद्यावर एवढा लांब रकाना मावेना. खाली सरकवीत न्यावा लागला. मंडळी मुकाट्याने पाहत होती. ताई प्रूफ वाचीत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

अण्णा आता अर्धा दिवस येतात. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हा प्रकार पाहत होते. ते उठले, कपाटातून २०२३ची वही काढली, आणि आमच्यापुढे उघडून धरून त्रिकोणावर बोट ठेवले.

“हा तुमचा रकाना,” ते म्हणाले.

त्रिकोणाचा अर्थ आम्ही त्यांना बरे झाल्यावर विचारला होता; तेव्हा ती माझ्यापुरती खूण आहे, एवढेच सांगून त्यांनी विषय बदलला होता. आता समजले. लेख आमच्याकडे गेला की अण्णा एक त्रिकोण काढीत; आठवडा लोटला की दुसरा; आणखी एक लोटला की तिसरा.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” आम्ही विचारले.

“बोलायचं कशाला? दुसरा त्रिकोण झाला की मी चहा घेऊन तुमच्या खोलीत येत होतो की.”

खरेच, अण्णा कधी कधी स्वतः चहा घेऊन येत. बसत, पावसाचे, मुलांच्या परीक्षांचे काही बोलत, मेजावरचे कागद सरळ करून ठेवीत आणि त्यांतला एखादा वर काढून ठेवीत. ते गेल्यावर आम्ही तोच वाचावयास घेत असू. का, हे कधी मनात आले नव्हते.

आम्ही वही हातात घेऊन पाने उलटू लागलो. बहुतेक ओळींवर एक-दोन त्रिकोण होते, काहींवर तीन. शेवटच्या पानावर एका ओळीपुढे पाच होते. असा कोणता लेखक, म्हणून आम्ही नाव पाहिले. नाव नव्हते. तेथे फक्त लिहिले होते, संपादकीय.